पडदा उघडायच्या ११ दिवस आधी थांबलेलं संगीत नाटक: ७४ दिवसांच्या तालमीचं काय?

पायपेटी

मंडळी, हा धागा काढावा की नाही या विचारात तीन आठवडे गेले. शेवटी बसले लिहायला.

मी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करते. बावीस वर्षं झाली. या वर्षी एका नव्या संगीत नाटकाच्या तालमी आम्ही ७४ दिवस केल्या. शुभारंभाचा प्रयोग पार्ल्याला लागला होता, जाहिरात छापून आली होती, नाटकाला परवानगी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र हातात होतं, नेपथ्याची फ्लॅटं रंगवून वाळत होती. प्रयोगाला ११ दिवस उरले असताना नाटक रद्द झालं. पुढे ढकललं नाही, रद्दच.

नाटकाचं आणि निर्मात्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. कृपया कुणी अंदाजही बांधू नका. आम्हा सगळ्यांना याच गावात काम करायचं आहे, आणि निर्मात्याला झोडपायला हा धागा नाही. ज्यांनी पैसे लावायचं कबूल केलं होतं त्यांनी हात काढून घेतला, एवढंच आम्हाला सांगण्यात आलं. त्यांची एक अट होती म्हणे: वादक नकोत, ट्रॅकवर, म्हणजे आधी मुद्रित केलेल्या संगीतावर करा. आमचे संगीत दिग्दर्शक म्हणाले, मग ते संगीत नाटक राहणार नाही. माझ्या मते ते बरोबर होते, आणि ही किंमत मोजूनही बरोबर होते.

नाटक पूर्ण नवं होतं, जुन्याचं पुनरुज्जीवन नव्हे. १९८२च्या गिरणी संपातली परळची चाळ आणि तिथलं बायकांचं भजनी मंडळ. चौदा पदं. काही भजनाच्या अंगाने जाणारी, काही अस्सल नाट्यपदं. तालीम लालबागच्या एका शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी साडेसहानंतर. पंखा लावला की नोटेशनचे कागद उडायचे, म्हणून एप्रिल-मेमध्येही पंखा बंद ठेवून बसायचो. घामाने ऑर्गनच्या पट्ट्या निसरड्या व्हायच्या. मी मांडीवर पंचा ठेवायचे आणि दोन कडव्यांच्या मध्ये बोटं पुसून घ्यायचे.

मला मुख्यतः सांगायचंय ते चौथ्या पदाबद्दल.

नायिका मंगळसूत्र गहाण ठेवून घरी येते आणि दाराशी थांबते. मिश्र खमाजातलं पद, ठेका दादरा. कागदावर मुखडा (पदाची पहिली ओळ) सरळ होता, 'उंबरा' या शब्दाच्या पहिल्या अक्षरावर सम, म्हणजे तालाची पहिली, वजनाची मात्रा. एका गुरुवारी नायिका करणाऱ्या मुलीने मुखडा उशिरा उचलला. ती बदलापूरहून यायची, त्या दिवशी गाड्यांचा गोंधळ होता, धावतपळत येऊन तशीच उभी राहिली आणि श्वासच पुरला नाही. सम 'उं'वर यायच्या ऐवजी 'ब'वर आली. म्हणजे तिचा पाय उचललेला, उंबऱ्यावर अधांतरी, आणि तिथे सम. तबला थांबला. मी भाता मारायची थांबले. दिग्दर्शक खुर्चीतून उठले आणि म्हणाले, हे असंच ठेवायचं. पुढचे चार दिवस ती चूक आम्ही पक्की करत होतो. मुद्दाम उशीर केला की तो ऐकू येतो, आणि तो ऐकू येता कामा नये, म्हणून चार दिवस लागले.

ही जागा संहितेत नाही, नोटेशनच्या वहीतही नाही. माझ्या वहीत फक्त पेन्सिलीने 'इथे थांब, तिच्याकडे बघ' असं लिहिलंय. ती जागा ७४ दिवसांतून निघाली आणि आम्ही सतरा जण सोडून जगात कुणालाच ती ठाऊक नाही.

नाटक रद्द झालं त्या मंगळवारी याच पदाच्या अंतऱ्यात व्यवस्थापक हॉलमध्ये आले. चपला काढून भिंतीला टेकून बसले. एरवी ते कधी बसत नाहीत. अंतरा संपेपर्यंत थांबले, मग म्हणाले, जरा सगळे इकडे या.

आता मूळ मुद्दा. बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगते. आपल्या व्यावसायिक रंगभूमीवर पैसे नाइटवर असतात. प्रयोग झाला की नाइट मिळते. तालमीला चहा, वडापाव, आणि कुणी भला असेल तर येण्याजाण्याचे पैसे. प्रयोगच झाला नाही तर ७४ दिवसांचे पैसे शून्य. कुणी फसवलं असं नाही, पद्धतच ही आहे. नाटक चाललं की तालमीचे दिवस वसूल होतात, या भरवशावर सगळं उभं आहे. ऐन वेळी नाटक थांबलं की तो भरवसा सर्वात खालच्या माणसाच्या अंगावर कोसळतो.

तालीम म्हणजे कामाची तयारी, असं धरलं जातं. माझं म्हणणं, तालीम हेच काम आहे. नाटक तिथेच घडतं. तुम्हाला काय वाटतं?

---

नेहमीचा प्रेक्षक

वाचून सुन्न झालो. या प्रयोगाची तिकिटं मी काढली होती, जाहिरातीवरून आता ओळखलं. नाव लिहीत नाही. पैसे चार दिवसांत खात्यात परत आले, सोबत 'काही अपरिहार्य कारणामुळे' असा एक ओळीचा संदेश. प्रेक्षकाला परतावा मिळतो आणि तालीम केलेल्याला काहीच नाही, हे आज पहिल्यांदा डोक्यात शिरलं.

---

गिरगावकर काका

पायपेटीताई, आमच्या घरात तीन पिढ्या नाट्यसंगीत ऐकलं गेलं, म्हणून लिहायचं धाडस करतो.

१२ मार्च १९११ला 'मानापमान'चा पहिला प्रयोग मुंबईत होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी गेली. प्रयोग रद्द करा असं सगळे सांगत असताना ते उभे राहिले आणि नायिका भामिनी साकारली. आणि ८ जुलै १९२१ला बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान' झालं. एकमेकांच्या स्पर्धेतल्या दोन मंडळ्या टिळक स्वराज्य फंडासाठी एका रंगमंचावर आल्या. केशवराव भोसले नायक धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. ती संधी हुकली असती तर कायमचीच हुकली असती.

सांगायचा मुद्दा हा, की आपल्या परंपरेत पडदा उघडणं हे व्रत मानलं गेलंय. अकरा दिवस आधी हात काढून घेणाऱ्यांना याची जाण नव्हती, याचं फार वाईट वाटतं.

---

पायपेटी

काका, तुमच्या भावना पोचल्या. 'मानापमान'ची पदं वाजवतच मी मोठी झाले. पण एक मनापासून सांगते, राग मानू नका. १९११ची ती गोष्ट आम्हाला प्रत्येक तालमीत ऐकवली जाते. ताप असला, घरी कुणी आजारी असलं, गाडी चुकली, की तीच गोष्ट. व्रत नेहमी नटाने आणि वादकाने पाळायचं असतं. त्या रात्री तबल्यावर कोण होतं, त्याला काय मिळालं, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. मला तेही ऐकायचं आहे.

---

गिरगावकर काका

राग कसला. बरोबर आहे तुमचं. या बाजूने मी कधी विचार केला नव्हता.

---

मागची विंग

मी छोटा निर्माता आहे. आजवर पाच नाटकं काढली, त्यातली दोन बुडाली. दुसरी बाजूही मांडली पाहिजे म्हणून लिहितोय.

संगीत नाटकाचा हिशोब गद्य नाटकापेक्षा वेगळा असतो. तीन पात्रांचं गद्य नाटक एका बसमध्ये मावतं. संगीत नाटकाला ऑर्गन, तबला, पखवाज, व्हायोलिन, म्हणजे चार-पाच वादक वाढले. त्यांच्या नाइट, त्यांचं जेवण, दौऱ्यावर त्यांच्या खोल्या. ध्वनिव्यवस्था वेगळी, कारण गळा आणि वाद्य दोन्ही नीट पोचलं पाहिजे. वर थिएटरचं भाडं, जाहिरात, नेपथ्याचा टेम्पो, बॅकस्टेजची मुलं. तिकिटाचा दर मात्र शेजारच्या तारखेला लागलेल्या विनोदी नाटकाएवढाच ठेवावा लागतो. शनिवार-रविवारच्या तारखा मिळाल्या तर मिळाल्या. परळचं दामोदर नाट्यगृह २०२३मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं, तेव्हा गिरणगावातला हक्काचा प्रेक्षकही दूर गेला. तुमच्या विषयाचं नाटक तर तिथेच व्हायला हवं होतं.

माझं दुसरं नाटक नवव्या प्रयोगाला बंद केलं. आज वाटतं, पहिल्याच्या आधी थांबलो असतो तर घर गहाण पडलं नसतं. पडदा उघडण्याआधी थांबणं कधी कधी शहाणपणाचं असतं.

पण अकरा दिवस? पैशांची अडचण निर्मात्याला महिनाभर आधी दिसते. मला दिसली होती. त्या महिन्यात मी कुणालाही काही बोललो नाही, तालमी चालू दिल्या, कारण पैसे येतील अशी आशा होती. ते चुकलं. माणसांना सांगायला हवं होतं. मुलं आशेवर रोज तालमीला तरी आली नसती.

---

कल्याण फास्ट

मी या नाटकात होतो. समूहात. भजनी मंडळाच्या मागे उभा राहणाऱ्या गिरणी कामगारांपैकी एक. माझी दोन वाक्यं होती आणि अकराव्या पदात एक आलाप.

तालमीसाठी कुरियर कंपनीची संध्याकाळची शिफ्ट सोडली. आईला सांगितलं होतं, पहिल्या प्रयोगाला दुसऱ्या रांगेत बसवीन. ती अजून विचारते, कधी आहे रे. मी सांगितलेलं नाही.

---

पायपेटी

बाळा, तू इथे आहेस हे मला माहीत नव्हतं. आज रात्री फोन कर. तुझा तो आलाप माझ्या कानात आहे.

---

अनुस्वार

विषय मुंबईचाच आहे, पण एक बाहेरचं उदाहरण आठवलं. 'रिबेका' नावाचं संगीत नाटक २००६मध्ये व्हिएन्नात आलं आणि चांगलं चाललं. मग ते न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर यायचं ठरलं. २०१२मध्ये थिएटर ठरलं, नटसंच ठरला, आणि तालमी सुरू होण्याच्या तोंडावर निर्मात्यांना नाटक रद्द करावं लागलं. सुमारे ४५ लाख डॉलर घालणार होते ते परदेशी गुंतवणूकदार मुळात अस्तित्वातच नव्हते. एका मध्यस्थाने ते कागदावर उभे केले होते, आणि त्यातला मुख्य माणूस मलेरियाने वारला असं सांगितलं होतं. त्या मध्यस्थाला २०१४मध्ये ३४ महिन्यांची शिक्षा झाली. ब्रॉडवेवर ते नाटक आलंच नाही. इंग्रजीत ते लंडनच्या एका छोट्या थिएटरात झालं, तेही २०२३मध्ये.

हे सांगायचं कारण वेगळं आहे. तिथे नट आणि वादक यांच्या संघटना आहेत, आणि ब्रॉडवेच्या करारात तालमीच्या आठवड्यांचा पगार ठरलेला असतो. पैसे लावणारा पळाला तरी केलेल्या तालमीचे पैसे कागदावर असतात. पायपेटीताईंचा मुद्दा तिथे तत्त्वाचा राहिलेला नाही, तो कराराचा भाग आहे.

---

मागची विंग

अनुस्वार, तिथल्या तिकिटाचे दर आणि आपले दर यांचीही तुलना करा. पूर्ण पगार मला झेपणार नाही. पण पहिल्या नाइटची अर्धी रक्कम तालमीच्या पहिल्या दिवशी द्यायची, हे झेपेल. पुढच्या नाटकाला करून बघतो. इथे लिहून ठेवतोय म्हणजे माघार घेता येणार नाही.

---

सौ. बॅकस्टेज

माझे मिस्टर तीस वर्षं कपडेपट सांभाळतात. १४ मार्च २०२०पासून मुंबईतली नाट्यगृहं बंद झाली. मध्ये काही महिने निम्म्या खुर्च्यांवर उघडली, पुन्हा बंद. पुढे २२ ऑक्टोबर २०२१ला पुन्हा उघडली. त्या काळात कळलं नाइट म्हणजे काय ते. पगार असता तर निम्मा तरी आला असता. नाइटचा निम्मा कसा येणार? प्रयोग नाही म्हणजे नाइट नाही. काही कलाकारांनी आणि संस्थांनी घरी किराणा पोचवला, त्यांचे उपकार विसरणार नाही. पण तेव्हा सगळे म्हणत होते, आता पद्धत बदलायला हवी. नाट्यगृहं उघडली आणि सगळे विसरले.

ताई, तुमच्या नाटकातल्या नऊवारी साड्यांचं काय झालं? नव्या घेतलेल्या असतील तर पेटीत बंद ठेवू नका, पावसाळ्यात घडीवर बुरशी धरते. महिन्यातून एकदा उघडून वाऱ्यावर टाका.

---

पायपेटी

साड्या गोडाऊनमध्ये आहेत. उद्याच विचारते. कुणाच्या मनातही आलं नसतं हे.

---

काळा कोट

मी वकील आहे, नाटकवाला नाही. एक गोष्ट तुम्हा सर्वांना उपयोगी पडेल म्हणून लिहितो. प्रत्येकाचे कागद वेगळे असतात, त्यामुळे आपापले कागद एखाद्या वकिलाला दाखवाच.

प्रश्न असा, की नाटक रद्द झाल्यावर चौदा पदं कुणाची? १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सही करून द्यावे लागतात. तोंडी 'तुमचंच आहे' म्हणून हक्क जात नाहीत. तुम्ही निर्मात्याकडे पगारी नोकर नव्हता आणि काहीही लिहून दिलेलं नसेल, तर शब्द कवीचे आणि चाली संगीत दिग्दर्शकाच्या राहतात.

लिहून दिलं असेल तरी त्याच कलमात पोटकलम ४ आहे. हक्क घेणाऱ्याने एका वर्षात ते वापरलेच नाहीत, आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर तो करार त्या हक्कांपुरता गळून पडतो. मराठी नाटकाच्या व्यवहारात हे पोटकलम फार थोड्यांना माहीत आहे. कित्येक संहिता 'अमक्या निर्मात्याकडे दिली आहे' म्हणत वर्षानुवर्षं पडून असतात.

---

पायपेटी

काळा कोट, तुमचा प्रतिसाद संगीत दिग्दर्शकांना आणि कवींना मोठ्याने वाचून दाखवला. दोघांनीही काहीच लिहून दिलेलं नाही. संगीत दिग्दर्शक बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, म्हणजे आपण ती गाऊ शकतो?

आणि तुम्हाला एक विचारायचं आहे. 'ब'वर आलेली सम कुणाची? ती चाल लिहिणाऱ्याची, की उशिरा पोचलेल्या त्या मुलीची?

---

काळा कोट

कायद्याच्या भाषेत चाल रचणाऱ्याची. गाणाऱ्या मुलीला त्या सादरीकरणापुरता कलाकाराचा वेगळा हक्क आहे, तो कलम ३८मध्ये आहे. पण त्यासाठी सादरीकरण व्हावं लागतं, आणि ध्वनिमुद्रण असेल तर ते दाखवता येतं. तालमीचं मुद्रण आहे का?

---

पायपेटी

नाही. मोबाइलवर कुणी रेकॉर्ड करायचं नाही असा नियम होता, बाहेर फुटू नये म्हणून. तेव्हा तो आम्हा सगळ्यांना पटला होता.

---

नेहमीचा प्रेक्षक

मग आत्ता करा. सगळे मुंबईतच आहात. गळे आहेत, वाद्यं आहेत, हक्क तुमचे आहेत. नेपथ्य नको, प्रकाशयोजना नको. परत आलेले तिकिटाचे पैसे मी तसेच बाजूला ठेवले आहेत, ते घ्या. आणखी कुणी तिकीट काढलं होतं का इथे?

---

गिरगावकर काका

मी काढलं नव्हतं, पण दोन तिकिटांचे माझे धरा. आणि ते आधी त्या कल्याणच्या मुलाला आणि बदलापूरच्या मुलीला प्रवासासाठी द्या. तबलजींनाही. मी आता नावानिशी विचारणार आहे, तबल्यावर कोण आहे?

---

अनुस्वार

डोंबिवलीला माझ्या भावाची छोटी रेकॉर्डिंगची खोली आहे. ऑर्गन आत जाणार नाही, दार अरुंद आहे. पण तो माइक आणि मशीन घेऊन तुमच्याकडे येऊ शकतो. शाळेचा तो हॉल मिळेल का? ज्या हॉलमध्ये गायची सवय झालीय तिथेच गळे मोकळे लागतील.

---

पायपेटी

धागा वर काढते. दोन आठवडे लिहिलं नाही, कारण धावपळ चालू होती.

मुख्याध्यापकांनी रविवारचा हॉल दिला. निर्मात्यांना मी स्वतः फोन केला, अंधारात ठेवून काही करायचं नव्हतं. ते म्हणाले, करा, आणि गोडाऊनची किल्ली पाठवतो. आवाज बसला होता त्यांचा. सतरापैकी चौदा जण आले. एक जण मालिकेच्या शूटिंगला घोडबंदरला अडकली, दोघांनी नको म्हणून सांगितलं. त्यांचंही बरोबर आहे. पुन्हा फुकट का गायचं? तुम्ही पाठवलेल्या पैशांतून प्रत्येकाला येण्याजाण्याचे दिले. हिशोबाचा कागद हॉलच्या दाराला चिकटवला होता, काकांच्या सांगण्याप्रमाणे तबलजींचं नाव पहिलं.

ऑर्गन मात्र आणता आला नाही. गोडाऊन भिवंडीच्या पुढे आहे आणि टेम्पोवाल्याने ऐन वेळी नकार दिला. मी हार्मोनियमवर निभावलं. पंखा बंदच ठेवला होता, माइकमध्ये घरघर येते म्हणून.

नऊ पदं मुद्रित झाली. अकराव्या पदातला आलाप कल्याणच्या मुलाने एका दमात घेतला. दुसऱ्या रांगेतल्या खुर्चीवर त्याची आई बसली होती. ती बाई आलाप संपला तरी हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरून तशीच बसून होती.

चौथं पद ठेवून दिलंय. मुलगी म्हणाली, ते हार्मोनियमवर नको. ऑर्गनचा सूर भाता सोडला तरी क्षणभर रेंगाळतो आणि तिचा उचललेला पाय त्या रेंगाळण्यावर उभा असतो. पेटीचा सूर आधी तुटतो. मी वाजवून बघितलं, तिचं खरं आहे.

तर चौथं आणि उरलेली चार पुढच्या रविवारी, दुपारी चार वाजता, त्याच हॉलमध्ये. ऑर्गन लागणारच. भिवंडीकडून लालबागला टेम्पो कुणाच्या ओळखीत आहे का? पावसाचे दिवस आहेत, वर ताडपत्री हवी. चार माणसं उचलायला लागतील, दोन आमची आहेत.

---

मागची विंग

टेम्पो माझा, ताडपत्रीसकट. नेपथ्य उचलणारी माझी दोन मुलं सोबत आणतो, त्यांना नाइट मी देतो. ऑर्गन आडवा करायचा नाही हे त्यांना ठाऊक आहे. रविवारी बाराला गोडाऊनला पोचतो. पत्ता आणि किल्ली कुणाकडे आहे ते व्यनि (खासगी निरोप) करा.

---

सौ. बॅकस्टेज

गोडाऊन उघडणारच आहात तर साड्यांची पेटीही टेम्पोत टाका. रविवारी हॉलवर मिस्टरांना पाठवते. तुमचं गाणं होईपर्यंत ते मागच्या गॅलरीत दोरीवर टाकतील.